रकान्यात विचारलं ‘कारण काय’, उत्तर आलं ‘होय’: धरमवीर सिंग यांच्या अपंगत्व पेन्शनचं प्रकरण

सैन्यातून आजारपणामुळे घरी पाठवलेल्या जवानाला अपंगत्व पेन्शन मिळावी की नाही, यावर आपल्याकडे निकालांचे ढीग आहेत. त्यातला एक मात्र जवळपास प्रत्येक अर्जाला जोडलेला सापडतो: ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’, सर्वोच्च न्यायालय, 2 जुलै 2013. न्या. ए. के. पटनायक आणि न्या. सुधांशू ज्योती मुखोपाध्याय यांचं खंडपीठ. या निकालाचा हवाला देणारे पुष्कळ, तो सबंध वाचणारे थोडे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फौजी गावांत पेन्शनचा विषय निघाला की ‘त्या केसमुळे सगळ्यांना मिळतं’ असं कुणीतरी सांगतं. ते अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यावर विसंबून केलेले अर्ज पडतात. म्हणून हे एकच प्रकरण जरा बारकाईने बघू.

घडलं ते

धरमवीर सिंग 15 जून 1985 रोजी सिग्नल कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणी झाली. ते तंदुरुस्त ठरले आणि कागदावर कुठल्याही आजाराची नोंद झाली नाही. जवळपास नऊ वर्षं नोकरी झाल्यावर 1 एप्रिल 1994 पासून त्यांना ‘बोर्ड आउट’ केलं गेलं, म्हणजे वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलं गेलं. निदान होतं जनरलाइज्ड सीझर, म्हणजे अपस्मार. आपण ज्याला फिट येणं किंवा आकडी येणं म्हणतो ते. मेडिकल बोर्डाने, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, अपंगत्व 20 टक्के आणि कायमचं धरलं. त्याच बोर्डाने पुढे असंही लिहिलं की या अपंगत्वाचा लष्करी सेवेशी संबंध नाही.

त्या एका वाक्याची किंमत किती होते, हे आकड्यांत बघितल्याशिवाय कळत नाही. जवानाला साधी सेवा पेन्शन मिळायला पंधरा वर्षं नोकरी लागते. आजारपणामुळे घरी पाठवलं तर जी ‘इनव्हॅलिड पेन्शन’ असते, तिला तेव्हा किमान दहा वर्षांची अट होती. धरमवीर सिंग नवव्या वर्षात होते. म्हणजे दोन्ही दारं बंद, आणि उरली फक्त एकरकमी ग्रॅच्युइटी. (दहा वर्षांची ही अट लष्कराबाहेरही कुठलीच नोकरी करता न येणाऱ्यांसाठी सरकारने जुलै 2020 मध्ये काढली. 1994 च्या माणसाला त्याचा काय उपयोग!) अपंगत्व पेन्शनचं तसं नाही. तिचे दोन भाग असतात, सेवेचा आणि अपंगत्वाचा, आणि सेवेचा भाग मिळायला किमान वर्षांची अट नसते. थोडक्यात, बोर्डाने ‘संबंध आहे’ लिहिलं असतं तर आयुष्यभर पेन्शन होती. ‘संबंध नाही’ लिहिल्यामुळे ऐन उमेदीतला एक माणूस फिटचा आजार घेऊन, हातात महिन्याचा पैसा नसताना गावी परतला. फिट येणाऱ्याला गाडी चालवण्याचं काम कुणी देत नाही, उंचावरचं काम देत नाही, यंत्रावर उभं करत नाही. लष्करातून आलेल्यांना एरवी मिळणाऱ्या पहारेकरी, ड्रायव्हर अशा नोकऱ्या त्यामुळे आपोआपच हातच्या जातात.

पुढचा प्रवास नेहमीचाच. बोर्डाचे कागद रेकॉर्ड ऑफिसमार्फत अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयात गेले. तिथे बोर्डाचा शेरा बघून दावा फेटाळला गेला. फौजी कागदपत्रांत अशा शेऱ्याचं एक ठरलेलं इंग्रजी लघुरूप आहे, त्याचा उच्चार ‘नाना’ असा होतो: आजार सेवेमुळे झालेलाही नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. ‘नाना’चा शिक्का बसला की पुढचं प्रत्येक टेबल त्याच शिक्क्याकडे बोट दाखवतं. या प्रकरणातही तेच झालं.

धरमवीर सिंग हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात गेले. 20 मे 2004 रोजी एकल न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारने त्यावर अपील केलं आणि 31 जुलै 2009 रोजी खंडपीठाने तो निकाल फिरवला. पाच वर्षांपूर्वी जिंकलेला खटला माणूस हरला. योगायोग असा की त्यानंतर आठवड्याभरातच, 8 ऑगस्ट 2009 रोजी, तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं उद्घाटन झालं. असले वाद लवकर निकाली निघावेत हाच ते स्थापन करण्यामागचा हेतू होता. धरमवीर सिंग यांची वाट मात्र आता सर्वोच्च न्यायालयाकडे जात होती. तिथला निकाल लागला तेव्हा घरी येऊन एकोणीस वर्षं आणि तीन महिने उलटले होते.

सरकारचं म्हणणं

सरकारची बाजू फुटकळ नव्हती, हे मान्य करायला हवं. 1961 च्या लष्करी पेन्शन विनियमांतला 173 वा विनियम दोन अटी घालतो: अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं, आणि ते किमान 20 टक्के हवं. दुसरी अट जेमतेम का होईना, पुरी होत होती. पहिल्या अटीबद्दल सरकार म्हणत होतं की आजार कशामुळे झाला हे डॉक्टर सांगतील, न्यायाधीश नव्हे. मेडिकल बोर्ड तज्ज्ञांचं असतं, त्याचं मत शेवटचं मानलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेच आधीच्या काही निकालांत, उदाहरणार्थ 2009 च्या दामोदरन प्रकरणात, बोर्डाच्या मताला असंच वजन दिलं होतं.

शिवाय अशी पेन्शन कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या 1982 च्या पात्रता नियमांत 14(क) असा एक नियम आहे. तो सांगतो की आजार सेवेत असताना सुरू झाला एवढ्यावर भागत नाही. सेवेच्या परिस्थितीमुळे तो उद्भवला, किंवा त्या परिस्थितीचा त्यात वाटा होता, हेही दिसलं पाहिजे. वाचणाऱ्याला हे पटतंही. माणूस सैन्यात नसता तरी त्याला अपस्मार झाला असता, असं कुणी म्हटलं तर त्याला चटकन काय उत्तर देणार?

प्रश्न एवढाच उरतो की हे ‘दिसलं पाहिजे’ म्हणजे दाखवायचं कुणी? प्रकरण खरं तर इथे वळलं.

ओझं कुणाच्या डोक्यावर

1982 च्या नियमांतले तीन नियम न्यायालयाने एकाशेजारी एक ठेवून वाचले. पाचवा नियम म्हणतो की भरतीच्या वेळी नोंद झालेली नसेल तर माणूस शरीराने आणि मनाने धडधाकट होता असं गृहीत धरायचं, आणि पुढे वैद्यकीय कारणावरून त्याला काढलं तर प्रकृतीतला बिघाड सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं. नववा नियम आणखी स्पष्ट आहे: दावा करणाऱ्याला आपली पात्रता सिद्ध करायला सांगायचं नाही, रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि फील्डमध्ये किंवा जहाजावर सेवा केलेल्यांना तो अधिक सढळ हाताने द्यायचा.

तिसरा, 14(ब), हा या प्रकरणाचा कणा. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे माणसाला घरी पाठवायला कारण ठरला, तर तो सेवेतच उद्भवला असं साधारणपणे मानायचं. यातून सुटायची एकच वाट नियमाने सरकारला ठेवली आहे. भरतीच्या तपासणीत हा आजार सापडणं शक्यच नव्हतं, असं वैद्यकीय मत असेल तर वरचं गृहीत लागू होत नाही. पण त्या मताला अट आहे: त्याची कारणं लिहायला हवीत.

म्हणजे नियमांची मांडणीच अशी आहे की सुरुवातीला पारडं जवानाकडे झुकलेलं असतं. ते उलट्या बाजूला झुकवायचं असेल तर बोर्डाने कारण द्यायचं. जवान गप्प राहिला तरी चालतं, बोर्ड गप्प राहिलं तर चालत नाही. यामागे मोठं तत्त्वज्ञान शोधायची गरज नाही. भरतीची तपासणी सैन्य करतं, आरोग्याच्या नोंदी सैन्य ठेवतं, बदल्या आणि ड्यूट्या सैन्य ठरवतं, आणि आजारी पडल्यावर उपचारही लष्करी रुग्णालयातच होतात. सगळे कागद एकाच बाजूच्या कपाटात असताना पुरावा दुसऱ्या बाजूकडे मागणं, हा सरळ अन्याय झाला असता. नियम लिहिणाऱ्यांना तो दिसला होता. नियम वापरणाऱ्यांना तो दिसत नव्हता, एवढंच.

14(क) चं काय, हा प्रश्न न्यायालयाने नवव्या नियमाशी जोडून सोडवला. सेवेशी संबंध असायला हवा, हे खरं. पण सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही, हेही तितकंच खरं. म्हणून संबंध नाही असं म्हणणाऱ्यानेच तो का नाही ते सांगायचं.

तो रकाना

आता ज्या कागदावर ही सगळी एकोणीस वर्षं उभी होती, तो बघू. मेडिकल बोर्डाचा फॉर्म छापील असतो. त्यात बोर्डाने आजाराचं नाव, टक्केवारी वगैरे भरायचं आणि मग काही नेमक्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यातल्या दुसऱ्या परिच्छेदाचा ‘ड’ हा प्रश्न साधारण असा आहे: अपंगत्व सेवेशी संबंधित नसेल, तर बोर्डाच्या मते त्याचं नेमकं कारण काय ते सांगावं.

प्रश्न ‘काय’चा आहे. उत्तरादाखल कारण यायला हवं. अनुवंश असेल, भरतीपूर्वीचा मार असेल, मेंदूतला दोष असेल, व्यसन असेल; काहीतरी. बोर्डाने तिथे लिहिलं होतं: ‘होय. अपंगत्वाचा लष्करी सेवेशी संबंध नाही.’

कारण विचारलं आणि उत्तर आलं ‘होय’. त्याच्यापुढे पुन्हा तेच वाक्य, ज्याचं कारण विचारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने हा रकाना निकालपत्रात उतरवून घेतला आणि म्हटलं की बोर्डाने डोकं वापरलं नाही, हे यावरूनच उघड दिसतं. (न्यायालयाची भाषा अर्थातच जास्त सभ्य आहे.) हे मत देण्याआधी बोर्डाने भरतीच्या वेळच्या नोंदी मागवायला आणि बघायला हव्या होत्या. त्या मागवल्याचं किंवा पाहिल्याचं कागदोपत्री कुठेच दिसत नव्हतं. धरमवीर सिंग पूर्वी या आजारावर उपचार घेत होते, किंवा तो त्यांच्या घराण्यात आहे, असं दाखवणारा एकही कागद सरकारला न्यायालयापुढे आणता आला नाही.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते बोर्डाचं उत्तर नव्हे. दिवसभर फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या हातून घाईत असं काहीतरी लिहिलं जाऊ शकतं. खटकतं ते हे, की हा कागद त्यानंतर पेन्शन कार्यालयातून गेला, सरकारी वकिलांच्या हातात गेला, अपिलाला जोडला गेला, आणि ‘प्रश्नाचं उत्तर कुठे आहे?’ असं विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. पेन्शन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयाने याबद्दल वेगळं टोचलं आहे: बोर्डाने कारण दिलेलं नाही हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि त्याने यांत्रिकपणे नकार दिला.

या अधिकाऱ्याला ‘डॉक्टरांनी लिहिलं, मी काय करणार’ असं म्हणता आलं असतं का? नाही. लष्करी डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या प्रकरणात सुरुवातीलाच म्हटलं आहे की वैद्यकीय प्रमाणपत्र हा भरपाईचा पाया असला तरी पात्रता मान्य करायची की नाकारायची, याचा निर्णय एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा नसतो. सेवेची परिस्थिती, आधीचा आणि नंतरचा इतिहास, पुराव्याचं वजन या गोष्टीही बघाव्या लागतात. सरकार ज्या तज्ज्ञमताला अंतिम म्हणत होतं, ते अंतिम नाही असं सरकारचीच मार्गदर्शिका सांगत होती.

हिमाचल उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा आदेश रद्द झाला, एकल न्यायाधीशांचा 2004 चा निकाल कायम झाला. तीन महिन्यांत पैसे द्या, नाहीतर त्या निकालाप्रमाणे व्याजही द्यावं लागेल, असा आदेश निघाला.

निकालातली कच्ची जागा

या निकालाची इतकी आरती झाली आहे की त्यातला एक सैल दुवा सहसा कुणी दाखवत नाही. आजारांच्या वर्गीकरणात प्रशिक्षण, मार्चिंग, बराच वेळ उभं राहणं अशा गोष्टींचा परिणाम होणाऱ्या आजारांची यादी आहे. तिच्यात ‘डोक्याला मार लागल्यानंतरचा अपस्मार’ येतो. न्यायालयाने त्याचा आधार घेऊन म्हटलं की धरमवीर सिंग यांच्या अपंगत्वाचा सेवेच्या परिस्थितीशी कार्यकारण संबंध आहे असं गृहीत धरता येतं. पण यादीतला अपस्मार माराच्या नंतरचा आहे, आणि निकालाच्या युक्तिवादात धरमवीर सिंग यांच्या डोक्याला लागलेल्या कुठल्या माराचा आधार घेतलेला नाही. निदान नुसत्या सीझरचं होतं. हा दुवा काढून टाकला तरी निकाल उभा राहतो, कारण तो कारण न देणाऱ्या बोर्डावर आणि नवव्या नियमावर उभा आहे. पण अपस्माराच्या प्रत्येक अर्जात ‘यादीत नाव आहे’ म्हणून हाच परिच्छेद उचलून लावला जातो. वकिलाने तसं करू नये असं माझं मत आहे. समोरचा वकील वाचणारा निघाला तर पहिला हल्ला तिथेच होईल.

नंतर काय झालं

पुढच्या दोन वर्षांत ही वाट रुंद झाली. जून 2014 मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: ज्याला अपंगत्वामुळे सैन्य घरीच पाठवतं, त्याचं अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्त आहे असंच धरायला हवं. फेब्रुवारी 2015 मध्ये राजबीर सिंग प्रकरणात सरकारनेच केलेली बरीच अपिलं एकत्र ऐकून, धरमवीर निकालाच्या आधारे फेटाळली गेली.

मधल्या काळात, 10 डिसेंबर 2014 रोजी, राम अवतार प्रकरणात टक्केवारी वर नेण्याचा प्रश्न सुटला. सरकारच्याच 2001 च्या पत्रानुसार 1 जानेवारी 1996 पासून 50 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व 50 धरायचं, त्यावरचं 75 पर्यंत 75, आणि त्यापुढचं 100. हे फक्त मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच, असं सरकार म्हणत होतं. न्यायालयाने नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ते दिलं. रकमेत त्याचा अर्थ असा: शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के मिळतात. शेवटचं वेतन 40,000 धरलं तर 20 टक्के अपंगत्वाचे महिन्याला 2,400 होतात, आणि तेच 50 टक्के धरलं की 6,000. सेवेचा भाग वेगळा. गावाकडच्या घरात या फरकात औषधपाणी भागतं.

सरकार तरीही अपिलं करत राहिलं, हा या कहाणीतला सर्वांत कंटाळवाणा भाग. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी खटलेबाजी कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिने त्याच वर्षी अहवाल दिला. निकाली निघालेल्या प्रश्नांवर अपंग सैनिकांविरुद्ध अपिलं करत राहू नका, असं तिने स्पष्टच सांगितलं. पुढची अपिलं मोजायला बसलं तर त्या शिफारशीची वाईट वाटण्याइतकी उपेक्षा झालेली दिसते.

निकालांची दिशा सरळ रेषेत गेली असंही नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये नरसिंग यादव प्रकरणात स्किझोफ्रेनिया झालेल्या जवानाचं अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. भरतीच्या वेळी हा आजार सापडला नाही एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरता येत नाही, आणि बोर्डाच्या मताविरुद्ध जायला भक्कम वैद्यकीय पुरावा हवा, असं न्यायालयाने म्हटलं. ‘धरमवीर सिंगमुळे सगळ्यांना मिळतं’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा. मानसिक आजाराच्या प्रकरणात सरकारी वकील आजही तो पहिल्यांदा काढतात. त्यानंतर एप्रिल 2025 मध्ये बिजेंदर सिंग प्रकरणात काटा पुन्हा फिरला. सियाचीनमध्ये ऑपरेशन मेघदूतमध्ये असलेला जवान, आजार पुन्हा अपस्मार. न्यायालयाने धरमवीर आणि सुखविंदर या दोन्ही निकालांचा आधार घेऊन 50 टक्के दराने पेन्शन दिली.

दरम्यान नियमही बदलले. 1 जानेवारी 2008 पासूनच्या प्रकरणांना 2008 चे पात्रता नियम लागतात. त्यांत पाचव्या नियमातलं ते जुनं गृहीत राहिलेलं नाही. आजार सेवेत असताना उघड झाला म्हणजे तो सेवेमुळेच झाला असं होत नाही, हे तिथे लिहूनच टाकलं आहे. सिद्ध करण्याचं ओझं मात्र साधारणपणे दावेदारावर नाही, हे तत्त्व टिकलं. 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 2008 च्या नियमांखालीही बोर्डाने कारण दिलंच पाहिजे असं म्हटलं, ते याच धाग्यावर. 21 सप्टेंबर 2023 पासून पुन्हा नवे नियम आले. काही प्रकारांत अपंगत्वाच्या भागाला आता वेगळंच नाव आहे आणि अटीही कडक झाल्या आहेत. जीवनशैलीच्या आजारांवर, विशेषतः निवृत्तीच्या तोंडावर, पेन्शन घेतली जाते ही त्यामागची तक्रार. ती अगदीच निराधार नाही. पण तिचा फटका रक्तदाबवाल्या अधिकाऱ्याला जेवढा बसेल तेवढाच फिट येणाऱ्या शिपायालाही बसणार, ही धास्ती माजी सैनिकांनी बोलून दाखवली आहे.

आणि बोर्डं? ती आता रकाना रिकामा सोडत नाहीत. ‘आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर (शांत ठाण्यावर) झाली, फील्ड, अतिउंच प्रदेश किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेतल्या ताणाशी जवळचा काळसंबंध नाही’ हे वाक्य आता इतक्या कागदांवर दिसतं की ते कुणी रुग्णाकडे बघून लिहिलं असेल यावर विश्वास बसत नाही. कारण आलं खरं, पण छापाचं. न्यायाधिकरणाच्या खंडपीठांनी हेही अनेकदा नाकारलं आहे: शांत ठाण्यावरही परेड असते, रात्रीची ड्यूटी असते, घरच्या अडचणीला रजा न मिळणं असतं. म्हणून नकाराचं पत्र हातात पडलं की सर्वांत आधी मेडिकल बोर्डाचे पूर्ण कागद मागवावेत, माहिती अधिकारात का होईना. नुसतं पेन्शन कार्यालयाचं पत्र वाचून काही कळत नाही. बघायचं ते इतकंच: भरतीच्या नोंदीबद्दल बोर्डाने काय लिहिलं आहे, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं वाक्य याच माणसाबद्दलचं आहे की कुणालाही चालेल असं आहे.

वाट लष्कराकडेच करायच्या पहिल्या अपिलापासून सुरू होते. त्याची मुदत साधारण सहा महिने. त्यानंतर दुसरं अपील, मग न्यायाधिकरण. आपल्याकडच्यांना मुंबई खंडपीठ. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येतं का, यावर 2015 पासून घोळ होता. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परशोतम दास प्रकरणात तो मिटवला: जाता येतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, कारण न मिळालेली पेन्शन दर महिन्याला नव्याने थकते. पण उशिराने गेलं तर थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. हे 2008 च्या तरसेम सिंग प्रकरणात ठरलं, आणि तोही 1983 मध्ये घरी पाठवलेला, 1999 मध्ये न्यायालयात गेलेला जवानच होता. 2008 चे नियम ज्यांना लागू आहेत त्यांनी आणखी एक तारीख बघून ठेवावी. घरी आल्यापासून पंधरा वर्षांनंतर दावा केला, तर सिद्ध करण्याचं ओझं दावेदाराकडे येतं. म्हणजे धरमवीर सिंग ज्या मुद्द्यावर जिंकले, तोच मुद्दा हातचा जातो.